आधी दाढी भिजू द्या

एकदा एका गुळाच्या पेठेत एक वृद्ध नाभिक राहत होते. त्यांचं पाळण्यातलं नाव काय, हे पेठेतल्या जुन्याजाणत्यांनाही धड सांगता आलं नसतं. लहानथोर सगळे त्यांना आबाच म्हणत. आबांचा हात असा, की माणूस खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागे आणि जागा झाल्यावर गालावरून बोटं फिरवत विचारी, "अहो, झालीसुद्धा?"

या आबांकडे एक शिष्य होता. केरबा त्याचं नाव. शिष्य म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कुणी मिसरूड फुटलेला पोरगा येईल, पण तसं नव्हतं. चांगला तिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. शहरातल्या सलूनमध्ये काम करून आलेला. हात विजेसारखा. गिऱ्हाईक खुर्चीत टेकतंय न टेकतंय, तोवर याचा अर्धा गाल उरकलेला. पण आबांकडे आल्यापासून त्याला वस्तरा काही मिळाला नव्हता. पाणी तापव, टॉवेल पिळ, साबणाला फेस आण, एवढंच काम.

"आबा, मी काय न्हाणीघर सांभाळायला आलोय का तुमच्याकडं?" असं एकदा तो तोंडावर म्हणालासुद्धा.

आबा हसले. "न्हाणीघरच सांभाळ. वस्तरा काय, बाजारात कुठंही मिळतो."

केरबाला ते मुळीच पटलं नाही. तुम्हाआम्हालाही पटलं नसतं. पण पुढं जे झालं ते ऐका.

त्याच पेठेत मुरारशेठ नावाचे गुळाचे मोठे व्यापारी होते. माणूस सज्जन, हात सढळ, पण राग मोठा विलक्षण. त्यांची दाढी छातीवर रुळायची. कुणी परगावचा पाहुणा आला की हात जोडून म्हणायचा, "महाराज कुठल्या मठाचे?" मग शेजारच्या दुकानातून कुणीतरी हळूच सांगायचं, "मठबिठ काही नाही हो. ती रागाची दाढी आहे."

खरंच रागाचीच होती. शेठचा धाकटा भाऊ दिगंबर. आईवडील लवकर गेले, तेव्हा शेठनी या दिगूला लेकरासारखं वाढवलं, दुकानात आपल्या शेजारी बसवलं. दोघांचं असं जुळायचं की पेठ दृष्ट काढायची. पण एका सौद्याच्या दिवशी, शेतकरी, हमाल, अडते सगळे गोळा झालेले असताना, दिगू बोलून गेला, "दादा, आपला काटा खोटा लागतोय."

शेठ म्हणाले, "काय म्हणालास?"

दिगू तेच पुन्हा म्हणाला. आणि शेठचा हात उठला. भर पेठेत, चारचौघांत, मिशा फुटलेल्या भावाच्या कानाखाली आवाज निघाला. दिगू तिथूनच वळला. बायकोला घेऊन निघाला, तो दूर तालुक्याच्या गावी जाऊन राहिला. इकडं शेठनी शपथ घेतली, "तो आपल्या पायानं माझ्या दारात येईल, तोवर मी तोंडाला वस्तरा लावणार नाही."

माणसं नवस बोलतात ते देवाला. हा नवस कुणाला बोललेला? रागाला. आणि राग हा असा देव आहे की तो कधी म्हणत नाही, बास, पावलो.

वर्षं लोटली. दाढी वाढली. शेठची लेक कस्तुरी लग्नाची झाली, लग्न ठरलं, हळदीचा दिवस उगवला. पोरगी मोठी गोड, पण बापाचीच लेक. तिनं काकाला फोनवर सांगितलं, "काका, पहिली हळद तुम्ही लावायची. तुम्ही नाही आलात तर मी पाटावर बसणार नाही." आणि बापालाही तेच सांगितलं. बाप काहीच बोलला नाही. दाढीतून बोललेलं कळतं कुठं म्हणा!

आणि काय सांगू, त्या सकाळी पेठेच्या तोंडाशी एकच आरोळी उठली, "दिगू आला! दिगू आला हो!"

अशा वेळी घरात बसवतं का कुणाला? तव्यावरच्या भाकऱ्या तव्यावर राहिल्या. बायका हात पदराला पुसत बाहेर आल्या. पेठेतले हमाल गुळाच्या ढेपींवर चढून उभे राहिले. शेठच्या घरापुढं मांडव घातलेला, आंब्याचे टहाळे बांधलेले, मागं तांब्याचा बंब धुमसतोय, हलगीवाला सिदबा हलगी शेकून तयार. त्या सगळ्या गर्दीतून दिगंबर आला आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबला. खांद्यावरची पिशवी खांद्यावरच.

त्याचा चेहरा बघून बायकांनी तोंडाला पदर लावला. गुळगुळीत दाढी केलेली होती, पण गालभर लाल ओरखडे आणि रक्त थांबवायला चिकटवलेले वर्तमानपत्राचे कपटे. कुठंतरी घाईत, कसल्या तरी पाण्यानं उरकलेली दाढी.

"तुम्ही म्हणाला होतात, दारात यायला पाहिजे," तो भावाला म्हणाला. "आलो. पोरीला हळद लावतो आणि दुपारच्या गाडीनं परत जातो."

"ऐकलंस?" मागून एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली. "दादाला तुम्ही म्हणतोय. सख्ख्या भावाला."

"आणि पिशवी बघितलीस का? खाली ठेवायलाही तयार नाही. सरक की गं जरा, मला दिसत नाही!"

शेठ मात्र उठून उभे राहिले होते. त्यांचे डोळे चमकत होते. आनंदानं, की जिंकल्याच्या भरानं, हे कळायला मार्ग नव्हता. चेहऱ्याचा बाकी भाग दाढीत बुडालेला. ते गरजले, "पाहिलंत ना सगळ्यांनी? आला! आबांना बोलवा! ही दाढी आत्ताच्या आत्ता उतरली पाहिजे. आणि ती उतरली की भर मांडवात, स्वच्छ तोंडानं, मी याला विचारणार आहे की काटा कुणाचा खोटा होता!"

झालं! मांडवातला सगळा उत्साह एका क्षणात गोठला. दिगूचा जबडा आवळला. आत पाटाजवळ उभी असलेली कस्तुरी पांढरीफटक पडली. प्रत्येकाला कळलं, तो प्रश्न विचारला गेला की दिगू उंबऱ्यावरूनच माघारी वळणार, आणि पोरगी पाटावर बसणार नाही. आणि हा माणूस एकदा परत गेला, की पुन्हा या जन्मी येणार नाही.

आबा केरबाला घेऊन आले तेव्हा शेठच्या बायकोनं त्यांना बंबापाशी गाठलं. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आबा, काहीतरी करा. दाढी उतरेपर्यंतच काय तो वेळ आहे."

आबा म्हणाले, "वहिनी, मग ती नीट भिजवायला हवी."

एवढंच म्हणाले. तिला काय कळायचं त्यात? ती बिचारी कपाळाला हात लावून आत गेली.

केरबा इकडं वेगळ्याच आनंदात. कारण वाटेत आबा त्याला म्हणाले होते, "शेठची दाढी आज तू करायचीस." इतक्या दिवसांनी! आणि तीही कुठली दाढी, तर अख्ख्या पेठेनं डोळ्यांत प्राण आणून वाट बघितलेली! त्यानं चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा असा परजला होता की उन्हात धरला तर बघणाऱ्याचे डोळे दिपावेत.

शेठ मांडवात पाटावर बसले. आबांनी कात्री घेतली आणि लांब केस उतरवायला सुरुवात केली. पहिली बट खाली पडली मात्र, सिदबाच्यानं राहवेना, त्यानं हलगी झोडली. पोरं नाचायला लागली. आबांनी नुसता हात वर केला. सिदबा ओशाळून म्हणाला, "चुकलं आबा. हातच ऐकत नाही."

केस उतरले, खाली आखूड, ताठ, पांढरेकाळे खुंट राहिले. केरबा वस्तरा घेऊन पुढं सरसावला.

"थांब," आबा म्हणाले. "आधी पाणी."

त्यांनी बंबातलं पाणी तपेलीत घेतलं, त्यात गार मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं. चटका नको होता त्यांना, ऊब हवी होती. साबण लावून शेठचा चेहरा धुतला. गुळाची धूळ, गुऱ्हाळाचा धूर, तेल, काय काय निघालं! पाणी काळंशार झालं. ते ओतून दुसरं घेतलं. टॉवेल बुडवून पिळला आणि शेठच्या तोंडावर गुंडाळला. गार झाला की दुसरा. तो गार झाला की पुन्हा पहिला.

"आबा, आटपा!" टॉवेलच्या आतून शेठ. "पेठ खोळंबलीय."

"खोळंबू दे शेठ. इतक्या वर्षांची आहे. तारेसारखी झालीय एकेक. तारेवर वस्तरा चालवला की आधी धार मरते आणि मग गाल कापतो. आज लेकीची हळद आहे. तोंडावर हळद चढू दे, रक्त नको."

बायका खुदकन हसल्या. शेठ हुंकार देऊन गप्प झाले.

मग आबांनी चार थेंब खोबरेल चोळलं आणि ब्रशनं फेस लावायला घेतला. केसाचा कल खाली, तर आबांचा ब्रश वर, गोल गोल, मुळापाशी शिरत. एकेक केस फेसात उभा राहायला लागला. हनुवटी, गाल, ओठांच्या कडा, सगळं पांढरं. इतका फेस, की शेठचे नुसते डोळे दिसत होते.

"आता तोंड उघडायचं नाही," आबा म्हणाले. "साबण पोटात जातो."

केरबा वस्तरा घेऊन उभाच. त्याला वाटलं, आता. आत्ता म्हणतील, घे. पण आबा त्याच्याकडं वळलेच नाहीत. ते उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या दिगूकडं बघत होते.

"दिगूशेठ, इकडं या. दादाच्या समोर बसा."

"माझी झालीय, आबा."

"झालेली दिसतेय. बसा तुम्ही."

म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? दिगू आला. पिशवी मांडीवर घेऊन, भावासमोर, हातभर अंतरावर बसला. आबांनी ताजा टॉवेल गरम पाण्यात बुडवला, पिळला, घडी घातली. केरबाला राहवलं नाही. "आबा, अहो, यांची दाढी तर गुळगुळीत आहे! केलेली दाढी भिजवतात का कुणी?"

मांडवात खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला दिसेनासं झालं वाटतं."

आणि त्याहून नवल पुढंच! आबांनी तो वाफाळता टॉवेल दिगूच्या गालावर ठेवला नाही. तो त्यांनी मुरारशेठच्या हातात दिला.

"शेठ, माझा हात साबणाचा आहे. याच्या गालावर तेवढा धरा."

शेठ डोळे वटारून बघायला लागले. नाही म्हणायला तोंड उघडावं, तर फेस. टॉवेल फेकावा, तर अख्खी पेठ बघतेय. हातात धरून बसावं, तर गरम! काही क्षण त्यांनी तो या हातातून त्या हातात केला, आणि मग नाइलाजानं उजवा हात उचलला.

हात उठला, तशी दिगूची मान आपोआप मागं झुकली.

बघा, माणूस विसरतो, पण गाल विसरत नाही. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. पण मांडवातल्या प्रत्येकानं ते पाहिलं, आणि सगळ्यांत जवळून पाहिलं ते मुरारशेठनी. त्यांचा हात हवेतच थांबला. वाफ निघत राहिली. हलगीवाला सिदबा, जो गप्प बसायला कधीच शिकला नाही, तोही श्वास रोखून उभा.

मग शेठनी हात खाली घेतला. टॉवेलची पुन्हा घडी घातली. आणि आता हळूच, खालच्या बाजूनं, लहान मुलाचं तोंड पुसायला नेतात तसा तो भावाच्या डाव्या गालावर ठेवला. तोच गाल.

दिगूनं डोळे मिटले.

बंबापाशी आबा पाणी काढत होते. केरबा त्यांच्यामागं गेला. त्याचा आवाज खाली आला होता. "आबा, मला कळलं नाही. ज्याची झालीय त्याची कशाला भिजवायची? आणि ते काम माझं होतं. गिऱ्हाईकाच्या हातात का दिलंत?"

आबांनी बंबाची तोटी बंद केली.

"केरबा, कोरडी दाढी केली की केस वरच्यावर कापला जातो. त्याचं टोक तिरकं, अणकुचीदार राहतं आणि कातडीच्या आत वळतं. बाहेरून बघणारा म्हणतो, काय गुळगुळीत! आतून टोचतंय हे ज्याचा गाल त्यालाच ठाऊक. हे दोघे भाऊ बघ. थोरल्याचा राग छातीपर्यंत वाढला, तो सगळ्यांना दिसला. धाकटा त्याचा राग गुळगुळीत करून आलाय. 'आलो, अट पुरी झाली.' कोरडाच वस्तरा तो. भिजवायला दोघांनाही हवं. मी भिजवलं असतं तर नुसता गाल भिजला असता. ज्या हातानं सुकवला, त्याच हातानं भिजवायला हवा. आणि तू इतके दिवस माझ्यावर रुसलास, म्हणून सांगतो. वस्तरा केस काढत नाही रे. पाणी केसाला राजी करतं. वस्तरा नुसता घेऊन जातो."

हातातल्या लखलखत्या वस्तऱ्याकडं केरबानं एकदा पाहिलं आणि तो मिटून ठेवला.

इतक्यात मांडवातून आवाज आला. फेसातून आलेला, बुडबुड्यांचा, जाडाभरडा.

"पाणी लावलं नव्हतंस?"

मुरारशेठ बोलत होते! साबण पोटात जायचा तो जावो. टॉवेल बाजूला झालेला आणि ते भावाच्या गालावरचे कागदाचे कपटे एकेक करून सोडवत होते. ओले झाले होते ना, अलगद निघत होते.

दिगू म्हणाला, "स्टँडवर नळ होता. तिथं लावलं."

"गार?"

"गारच असणार. स्टँडवर कोण बंब पेटवून ठेवतंय?"

"गार पाण्यानं दाढी करतात का, गाढवा? हेच शिकवलं होतं मी तुला?"

दिगूचे ओठ थरथरले. रडतोय का हसतोय, कळेना. "शिकवलं होतंस की. चहाच्या पातेल्यात पाणी तापवून. सगळं घर आठवडाभर साबणाचा चहा प्यायलं."

"चहा? फेस होता नुसता!" आतून शेठची बायको ओरडली. "पातेलं मी घासलं होतं, मला विचारा!"

आणि मांडव असा हसला, असा हसला, की टहाळ्यांवरची पाखरं उडाली. त्या हशात एक गोष्ट मात्र बायकांच्या कानांतून सुटली नाही. "शिकवलं होतंस म्हणाला," एक म्हणाली. "तुम्ही गेलं, तू आलं." दुसरीनं नुसतं नाक पुसलं. कस्तुरीनं येऊन काकाच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि सरळ माजघरात नेली. काकानं सोडली.

आबांनी शेठचा फेस पुसला, पुन्हा टॉवेल ठेवला, पुन्हा फेस केला. मग केरबाकडं बघून म्हणाले, "घे."

केरबानं वस्तरा कोमट पाण्यात बुडवला. डाव्या हातानं कातडी ताणली आणि कल्ल्यापासून खाली पहिला हात फिरवला. आणि काय सांगू तुम्हांला, आवाजच आला नाही! इतक्या वर्षांचे खुंट, ज्यांच्यावर कात्री करकरली होती, ते फेसासकट लोण्यासारखे निघाले. खालून गाल वर आला, गोरा, कोवळा, अनोळखी. सिदबानं आबांकडं पाहिलं. आबांनी मान हलवली. मग काय, हलगी अशी कडाडली की पेठेच्या त्या टोकाचे बैल बुजले.

एक गाल झाला. केरबा दुसऱ्या गालाकडं वळला. त्याचा हात आता रंगात आला होता, शहरातल्यासारखा सळसळत होता. वस्तरा जबड्याच्या हाडापाशी आला, आणि मुरारशेठ म्हणाले,

"पण दिगू, एक सांग. त्या दिवशी तू भर पेठेत..."

हलगी थांबली. हसू थांबलं. आत हळदीची वाटी घेऊन निघालेली कस्तुरी तिथंच उभी राहिली. दिगूची मान वर आली, आणि तोच आवळलेला जबडा पुन्हा दिसायला लागला. आलाच की हो तो प्रश्न! टॉवेलांनी, हसण्यानं, पातेल्यातल्या साबणानं तो विरघळला असं वाटलं होतं, पण मुळाशी होताच.

केरबाच्या बोटांखाली शेठचा जबडा दगडासारखा झाला होता. मऊ पडलेली कातडी ताठरली होती. वस्तऱ्याचं पातं टेकलेलं. आणखी एक रेघ ओढली की हाही गाल पुरा. सगळी पेठ बघतेय. हात म्हणतोय, ओढ.

केरबानं वस्तरा उचलला.

"आबा," तो म्हणाला, "अजून थोडं पाणी लागेल."

आबा जागचे हलले नाहीत. केरबानं शेठकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "शेठ, इथं अजून कोरडं आहे. आत्ता ओढला तर कापेल. जरा थांबू या."

शेठ त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर भावाच्या ओरखडलेल्या गालावर गेली. दिगू उठला. स्वतः बंबापाशी गेला, तपेली भरली, गार पाणी मिसळलं, कोपर घालून पाहिलं. पाणी घेऊन आला आणि टॉवेल पिळून दादाच्या जबड्यावर धरला. दोन्ही हातांनी. दादानं डोळे मिटले.

टॉवेल गार झाला, दिगूनं पुन्हा बुडवला. मग मिटल्या डोळ्यांनीच शेठ बोलायला लागले. आवाज इतका खाली, की मागच्या बायका पुढच्यांना विचारायला लागल्या, काय म्हणतायत, काय म्हणतायत.

"तू गेल्यावर मी पारडं उलटं करून बघितलं. बुडाला गुळाचा खडा चिकटला होता, पत्र्याच्या रंगाचा झालेला. दिसायचा नाही. काटा खोटाच लागत होता, दिगू."

दिगूचा हात थांबला.

"सुरीनं खरवडला, निघेना. पारड्याला ओरखडे पडले. मग गरम पाणी ओतलं तेव्हा सुटला."

"मग सांगितलं का नाहीस रे दादा? एवढी वर्षं?"

"कसं सांगू? दाढी वाढली होती ना," शेठ म्हणाले. "शपथ घेऊन बसलो होतो. चुकलेल्या माणसानं कसली शपथ घ्यायची? पण घेतली होती. आणि तू आलास तेव्हाही, मीच आधी तो प्रश्न टाकला म्हणजे तू काट्याचं काढणार नाहीस, असं वाटलं."

दिगूनं टॉवेल पुन्हा पाण्यात बुडवून पिळला. मग टॉवेलची घडी बदलत म्हणाला, "मीही आत येऊन सांगायला हवं होतं. चारचौघांत नको होतं. तुझं तोंड बघितलं तेव्हाच कळलं होतं मला, पण तोवर बोलून गेलो होतो."

"काका," उंबऱ्यातून कस्तुरी म्हणाली. तिच्या हातातली हळदीची वाटी वाकडी झाली होती, आणि तिला त्याचं भानही नव्हतं. "हळद सुकायला लागलीय."

"पाणी घाल थोडं," दिगू मागं न बघता म्हणाला. "आलोच."

केरबानं टॉवेल बाजूला केला. ब्रशनं पुन्हा फेस चढवला, खालून वर, घाई न करता. मग वस्तरा न उचलता त्यानं आपल्या बोटाची पाठ शेठच्या जबड्यावरून फिरवली. शेजारी उभ्या आबांकडं त्यानं पाहिलं नाही, विचारलंही नाही. त्याचं त्यालाच कळलं होतं, आता भिजलाय.

आपल्यालाही कुणाला काही धारेचं सांगायचं असेल, आणि ते कधी ना कधी सांगावं लागतंच, तर धार किती आहे ते मागाहून बघावं. आधी बोटाची पाठ लावून बघावी.